अंतर आणि अंतराय

(बेळगाव येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ‘बेळगाव ते मुंबई : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ’ हा विषय एखाद्या भूगोलाच्या शिक्षकाला शोभावा, फार तर तिकिटे विकणाऱ्या कचेरीला शोभावा, सीमालढ्याचे दैनिक चालविणाऱ्यांनी त्यात का पडावे, असे कोणीही विचारील. परंतु आम्ही हा विषय जाणूनबुजून घेतला आहे. सीमाभाग महाराष्ट्रात गेला पाहिजे असे आपण म्हणालो, की समोरून हटकून एक उत्तर येते: “मुंबई तुम्हांला लांब, बेंगळूर जवळ, राजधानी जवळची असलेली बरी.” उलट आपल्यातलेही काही उत्साही मित्र “मुंबई काय, हाकेच्या अंतरावर आहे” असे ठोकून देतात. दोघांनीही दोरी हातात धरून मोजलेले नसते. जी गोष्ट मोजता येते ती न मोजता तिच्यावर वाद घालीत बसणे हे सुज्ञांचे लक्षण नव्हे. म्हणून आज आपण ते अंतर एकदा मोजूनच टाकू आणि मग त्यातून काय निघते व काय निघत नाही, याचा शांतपणे विचार करू.

विमानाचे अंतर मोजण्याची रीत रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या अंतराहून निराळी आहे. रस्त्याला घाट आडवे येतात, नद्या आडव्या येतात, गावे वाटेत पडतात. बेळगावाहून मुंबईस मोटारीने जावयाचे तर निपाणी, कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा, पुणे अशी वाट धरावी लागते आणि पाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास घडतो. आगगाडी मिरजेवरून फिरून जाते, म्हणून तिचे अंतर सहाशेच्या घरात जाते. आकाशात घाट नाहीत. तेथे अंतर मोजावयाचे म्हणजे पृथ्वीचा गोल घ्यावा, दोन गावांवर बोट ठेवावे आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. तो दोरा गोलावर जितका आखूड बसेल, तितके ते अंतर. भूगोलाच्या पुस्तकात यालाच बृहद्‌वृत्ताचे अंतर म्हणतात. मुंबईहून अमेरिकेस जाणारे विमान भिंतीवरच्या सपाट नकाशात उगाच उत्तरेकडे वळून गेल्यासारखे दिसते, त्याचे कारण हेच. नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल आहे. बेळगाव-मुंबईसारख्या जवळच्या अंतरात हा फरक नगण्य असतो. त्यामुळे आपले गणित शाळेतल्या मुलालाही सोडविता येईल.

सांबऱ्याचा आपला विमानतळ १५ अंश ५१ कला उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश ३७ कला पूर्व रेखांशावर आहे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. शाळेत आपण त्यालाच मिनिट म्हणत आलो. मुंबईचा सांताक्रूझ-सहार येथील विमानतळ १९ अंश ५ कला उत्तर आणि ७२ अंश ५२ कला पूर्व येथे आहे. आता दर्यावर्दी लोकांनी आपल्यावर एक उपकार करून ठेविला आहे. त्यांनी आपला सागरी मैल असा बेतला, की अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल व्हावा. हा मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि वैमानिकही आजतागायत तोच वापरतात. दोन अक्षांशांतील फरक ३ अंश १४ कला, म्हणजे १९४ कला. अर्थात मुंबई आपल्या उत्तरेस १९४ सागरी मैल. रेखांशातील फरक १ अंश ४५ कला, म्हणजे १०५ कला. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून आपल्या अक्षांशावर त्यांतील थोडा भाग वजा करावा लागतो आणि हाती राहतात सुमारे १०० सागरी मैल. एक बाजू १९४, दुसरी १००; काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा. उत्तर येते सुमारे २१८ सागरी मैल, म्हणजे ४०४ किलोमीटर.

हीच दोरी आता आग्नेयेस फिरवू. बेंगळूरचा देवनहळ्ळी येथील विमानतळ १३ अंश १२ कला उत्तर आणि ७७ अंश ४२ कला पूर्व येथे आहे. दक्षिणेस १५९ मैल, पूर्वेस वजावट करून सुमारे १७९ मैल. कर्ण सुमारे २३९ सागरी मैल, म्हणजे ४४३ किलोमीटर.

तेव्हा, बंधूंनो, मोजमापाचा निकाल असा आहे. आकाशमार्गे मुंबई बेळगावास बेंगळूरपेक्षा सुमारे ३९ किलोमीटरने जवळ आहे. ‘मुंबई लांब, बेंगळूर जवळ’ हे वाक्य आजपासून कोणी आपल्यापुढे टाकले, तर त्याच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी आणि आपण स्वस्थ बसावे.

येथे काही टाळ्या पडल्या. परंतु त्या थोड्या आवरून घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे. हे ३९ किलोमीटर म्हणजे किती? ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ते तोडावयास अवघी तीन मिनिटे लागतात. तीन मिनिटांत चहाही नीट उकळत नाही. तीन मिनिटांच्या जोरावर ज्यांना आपला भाग कर्नाटकात ठेवावयाचा असेल त्यांचा पक्ष जितका पोकळ, तितकाच तीन मिनिटांच्या जोरावर तो महाराष्ट्रात नेऊ पाहणाऱ्यांचा पक्ष पोकळ ठरेल. आपली मागणी कधीच मैलांच्या दगडांवर उभी नव्हती. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चार तत्त्वे आपण प्रथमपासून मांडीत आलो. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात १९५७ साली पाटसकरांनी याच तत्त्वांवर निवाडा दिला. तेथे ती चालली, तर येथे का चालू नयेत, एवढाच आपला प्रश्न आहे. राजधानी किती किलोमीटरवर, ही कसोटी त्या चारांत नाही आणि नसावी. तसे पाहिले तर १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत आपली राजधानी मुंबईच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सकाळी उठून पाहतो तो ती बदललेली होती. मुंबई मात्र रात्रीतून एक तसूही हललेली नव्हती.

मग अंतराचा विषय येथेच संपला का? नाही. अंतराला ‘लांबी’ म्हणून जे मोल आहे, त्याहून ‘वेळ’ म्हणून मोल अधिक आहे. आणि वेळेचा हिशेब मांडू लागलो म्हणजे आपल्या दुखण्यावर नेमके बोट ठेविता येते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका इंजिनाचे लहानसे ‘पस मॉथ’ विमान टपाल घेऊन मुंबईस जुहूला उतरले आणि टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेचा आरंभ झाला. त्या विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाने मुंबई-बेळगाव अंतर तोडावयास अडीच तास लागले असते. आज पंख्याच्या विमानाला, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर जाणाऱ्याला, पाऊण तासाहून किंचित अधिक लागावा. जेट विमानाला निव्वळ अर्धा तास. पण तिकिटावर पाहावे तर एक तास, सव्वा तास असा वेळ छापलेला असतो. हा अर्ध्या-पाऊण तासाचा फरक जातो कोठे?

तिकिटावरचा वेळ हा केवळ उडण्याचा वेळ नव्हे. विमानाच्या चाकांना लावलेले अडसर काढले, की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला ते अडसर पुन्हा लागले, की थांबते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आले, आपली पाळी येईपर्यंत उभे राहणे आले, हळूहळू वर चढणे आले. आपले सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. येथली हवा किनाऱ्यावरच्या हवेहून विरळ, म्हणून विमानाला जमीन सोडण्यापूर्वी अधिक धावावे लागते. येथली धावपट्टी वाढवून २३०० मीटर केली गेली, त्याचे एक कारण हेच. पूर्वी ती १८३० मीटर होती आणि मोठ्या जेट विमानांना पुरत नव्हती. शिवाय ४०० किलोमीटरच्या प्रवासात विमान पुरते वर चढते न चढते तोच उतरणीला लागते. पूर्ण वेगाने धावावयास त्याला सपाट आकाश मिळतेच थोडे. आणि मुंबईच्या आकाशात शिरल्यावर तर विचारू नका. मुंबईच्या विमानतळास दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या. परंतु त्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून एका वेळी एकीचाच उपयोग करता येतो. देशातला हा एक अत्यंत गजबजलेला विमानतळ एका धावपट्टीवर चालतो. तेव्हा विमान वर घिरट्या घालीत बसते आणि खाली आपला माणूस घड्याळाकडे पाहत बसतो. पावसाळ्यात दोन्ही टोकांना ढग खाली उतरले म्हणजे हा खोळंबा आणखी वाढतो.

हे सारे यंत्राचे, हवामानाचे आणि गर्दीचे नियम झाले. त्यांबद्दल आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. घरातून निघून सांबऱ्यास पोचावयाचे दहा किलोमीटर, तासभर आधी हजर राहावयाचे, तासाभराचा प्रवास आणि मुंबईत उतरल्यावर शहरात शिरावयाचा वेळ, असे सगळे जमेस धरले तरी चार तासांत बेळगावचा माणूस मुंबईच्या कामावर हजर होतो. रातराणीने किंवा आगगाडीने जावयाचे म्हणजे उभी रात्र मोडते. परेलच्या टाटा रुग्णालयात तपासणीस जाणारा कर्करोगाचा रोगी, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव केंद्रातून रजेवर घरी जाणारा किंवा रजेवरून परतणारा जवान, मुलाखतीस निघालेली पदवीधर मुलगी, उद्यमबागेतील ओतशाळेचा नमुना घेऊन निघालेला कारखानदार, या सर्वांना त्या वाचलेल्या रात्रीचे मोल विचारा. हत्तरगीच्या औद्योगिक क्षेत्रात तर विमानांचेच सुटे भाग घडतात आणि परदेशी जातात. ज्या मातीत विमानाचे अवयव तयार होतात, त्या मातीतल्या माणसाला विमानाची वाट पाहत बसावे लागावे, हा दैवदुर्विलास आहे.

वाट पाहणे हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. अंतराची लांबी निसर्गाने ठरविली, प्रवासाचा वेळ यंत्राने ठरविला. परंतु वाट पाहावयास लावतात ती माणसे. आठवड्यातून तीनच दिवस विमान असेल, तर सोमवारी ज्याचे विमान चुकले त्याला बुधवारपर्यंत थांबावे लागते. त्याच्या दृष्टीने मुंबई एका तासावर नसते, ती दोन दिवसांवर असते. आणि सेवा बंदच पडली, तर मुंबई किती तासांवर आहे हे सांगावयास कोणतेही गणित उपयोगी पडत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की दोन गावांमधील अंतर सांगताना किलोमीटर आणि तास यांच्या जोडीला तिसरा आकडा सांगितला पाहिजे: आठवड्यातून किती वेळा आणि किती भरवशाने. वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या अखेरच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी. प्रत्येक वेळी आपल्या नशिबी काय येणार, याची टांगती तलवार असू नये.

अलीकडचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीने तयार झाली. १४ सप्टेंबर २०१७ रोजी नवी इमारत उघडली. त्याआधी धावपट्टी वाढविण्यासाठी आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. आता तरी विमाने नियमाने येतील, अशी आशा लागली. त्याच सुमारास केंद्र सरकारची ‘उडान’ योजना चालू झाली होती. २०१६ च्या ऑक्टोबरात ती जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर तिचे पहिले उड्डाण झाले. लहान शहरांच्या मार्गावर तोटा येतो, तो भरून काढण्यास कंपनीला तीन वर्षे अर्थसाहाय्य द्यावयाचे, त्याच्या बदल्यात विमानातील निम्म्या जागा तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपयांच्या मर्यादेत विकावयाच्या, आणि या साहाय्याचा ८० टक्के भार केंद्राने व २० टक्के राज्याने उचलावयाचा, अशी ती मूळ योजना. कल्पना चांगली होती. परंतु प्रारंभी हुबळी या योजनेत गेली आणि बेळगाव बाहेर राहिले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. २०१८ साली बेळगावातून चालणारी विमाने सवलतीच्या हुबळीकडे वळली आणि नवी इमारत ओस पडली. हुबळीचा विमानतळ आकाशमार्गे आपल्यापासून अवघा ७५ किलोमीटर. आधी इमारत बांधावयाची आणि मग विमान शेजारच्या गावाला पाठवावयाचे, याला काय म्हणावे? नागरिकांनी, उद्योजकांनी, सर्व भाषांच्या लोकांनी आवाज उठविला, तेव्हा कोठे २०१९ साली बेळगाव या योजनेच्या तिसऱ्या फेरीत आले आणि विमाने पुन्हा दिसू लागली.

यातून दोन धडे घ्यावयाचे आहेत. पहिला असा, की विमान पुन्हा आले ते आपल्याजवळ राजधानी होती म्हणून नव्हे; ओरड केली म्हणून आले. दुसरा असा, की साहाय्य तीन वर्षांचे असते. देशभर अनेक मार्ग ती मुदत सरताच बंद पडले. आपल्या आसपास आज विमानतळांची गर्दी झाली आहे. कोल्हापूरचे उजळाईवाडी सुमारे ९६ किलोमीटरवर, गोव्याचे दाभोळी सुमारे १०० किलोमीटरवर, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेले मोपे सुमारे ८१ किलोमीटरवर. उतारू वाटले जातात, असे कंपन्या म्हणतात, आणि ते खोटे नाही. मुंबईच्या भरगच्च वेळापत्रकात लहान विमानाला सोयीची वेळ मिळत नाही, हेही खोटे नाही. परंतु ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे आणि तो आपल्यास जुन्या विमानतळापेक्षाही सुमारे २० किलोमीटरने जवळ आहे. मुंबईत जागा नाही, ही सबब आता पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. तेथे बेळगावासाठी सकाळची एक व संध्याकाळची एक वेळ राखून ठेवणे हे अशक्य कोटीतले काम नव्हे. सकाळी जावे, काम उरकावे, रात्री घरी जेवावयास यावे, एवढीच अपेक्षा आहे.

ही अपेक्षा पुरी करण्याची पहिली जबाबदारी कोणाची? आम्ही स्पष्ट बोलतो. ती महाराष्ट्र सरकारची आहे. आठशे पासष्ट गावे आपली आहेत असे महाराष्ट्र म्हणतो. २७ डिसेंबर २०२२ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्याचा एकमताने ठराव केला. ठरावाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु ज्याला आपला म्हणावयाचे त्याच्यापर्यंत जाण्यायेण्याची वाट तरी मोकळी ठेवावी! त्याच महिन्याच्या ६ तारखेस महाराष्ट्राचे दोन मंत्री आपल्या भेटीस बेळगावास यावयाचे होते. कर्नाटक सरकारने हरकत घेतली आणि ते आले नाहीत. ४०४ किलोमीटरचा तासाभराचा मार्ग. हवामान स्वच्छ होते, धावपट्टी कोरडी होती. अंतर कोणी अडविले नव्हते. अडविले ते अंतरायाने. अंतर आणि अंतराय या दोन शब्दांत एका अक्षराचे काय ते अधिक-उणे. पण त्यात आपल्या प्रश्नाचे सगळे मर्म आहे. अंतर विमानाने तुटते. अंतराय तोडावयास निर्धार लागतो.

आणि सांबऱ्याने निर्धार काय असतो हे पाहिलेले आहे. गोवा मुक्तिसंग्रामात १९५५ च्या सत्याग्रहींना बेळगावने आसरा दिला, जेवू घातले, जखमींच्या पट्ट्या बांधल्या. पुढे १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी याच सांबऱ्याच्या धावपट्टीवरून भारतीय वायुदलाची हंटर विमाने उडाली आणि बांबोळीचे पोर्तुगीज बिनतारी केंद्र त्यांनी निकामी केले. काही मिनिटांची ती वाट होती. दुसऱ्या दिवशी साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. ज्या धावपट्टीवरून शेजारच्या भूमीचे स्वातंत्र्य उडाले, तिच्या सभोवतालची मराठी गावे मात्र तेव्हाही न्यायाची वाट पाहत होती आणि आजही पाहत आहेत. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला; त्याने २६४ गावे महाराष्ट्राला द्यावी म्हटले आणि बेळगाव मात्र कर्नाटकात ठेवावे म्हटले. महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. बेळगाव-दिल्ली हवाई अंतर सुमारे १४३० किलोमीटर. थेट विमानाला अडीच तास पुरे. आपल्या दाव्याचे कागद दिल्लीस पोचून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी अंतिम निकालाचे घोंगडे भिजतच पडले आहे. वेगवान युगाची एवढी मंद चाल दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

दरम्यानच्या काळात काय करावयाचे? निकाल लागेपर्यंत हात जोडून बसावे, या मताचे आम्ही नाही. घटनेने भाषिक अल्पसंख्याकांना दिलेले हक्क निकालावर अवलंबून नाहीत. अनुच्छेद ३५० प्रमाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची तरतूद आली आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आला. जिल्ह्यात वा तालुक्यात ज्यांची संख्या शेकडा पंधरा किंवा अधिक असेल, त्यांच्या भाषेत महत्त्वाच्या सरकारी सूचना निघाव्यात, हेही त्याच वर्षी केंद्राने मान्य केले. विमानतळ तर केंद्राच्या प्राधिकरणाचा. पहिल्यांदाच विमानात बसणारी एखादी खेड्यातली आजी मुंबईच्या रुग्णालयात चालली असेल, तर तिला विमान किती वाजता सुटणार आणि कोणत्या दाराने जावयाचे, हे तिला कळेल अशा मराठीत सांगितले जावे. हा कोणाचा अवमान नव्हे. तेथे कानडी राहावी, हिंदी राहावी, इंग्रजी राहावी. शेजारी मराठी उभी राहिली म्हणजे कोणाची जागा आकसत नाही. कानडी बांधवांशी आपले वैर नाही. विमान नसले म्हणजे तेही आपल्याबरोबरच ताटकळतात आणि विमान आले म्हणजे तेही आपल्या शेजारच्याच जागेवर बसतात.

तेव्हा आमच्या सूचना थोडक्यात सांगतो. मुंबईशी रोजची आणि भरवशाची सेवा, सकाळ-संध्याकाळ, ही आपली पहिली मागणी. केंद्राचे साहाय्य संपेल तेथून पुढे महाराष्ट्राने आपल्या तिजोरीतून हा मार्ग सांभाळावा, ही दुसरी. विमानतळावर मराठीतून सूचना, ही तिसरी. या तिन्ही मागण्यांसाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. विमान रद्द झाले, की तारीख, वेळ आणि आपले अडलेले काम एका कागदावर लिहावे आणि तो कागद आमच्या कचेरीत आणून द्यावा. कोणाची तपासणी हुकली, कोणाची मुलाखत चुकली, कोणाचा माल पडून राहिला, हे आम्ही नोंदवून ठेवू आणि दर सहा महिन्यांनी, वेळापत्रक बदलण्याच्या आधी, ती नोंद मुंबईस व दिल्लीस पाठवू. भावनेची भाषा राज्यकर्त्यांच्या कानांवरून पुष्कळदा निसटून जाते. तारीखवार लिहिलेला कागद निसटत नाही. आज येथे बसलेल्यांपैकी पन्नास जणांनी जरी वर्षभर हे काम केले, तरी आपल्या पुढच्या निवेदनाला असे वजन येईल, जे नुसत्या घोषणांना येत नाही.

पुढच्या वेळी कोणी आपणांस मुंबई लांब आहे असे म्हणाले, तर त्यास आपण सांगावे: मुंबई ४०४ किलोमीटर, बेंगळूर ४४३. आणि लगेच पुढे सांगावे, की या ३९ किलोमीटरांसाठी आम्ही भांडत नाही. आमच्या गावाने कोणत्या राज्यात राहावे हे आमच्या गावाला विचारा, एवढ्यासाठी भांडतो. ही दोन वाक्ये दोन्ही मिळून बोलावीत. एक सोडून दुसरे बोलू नये. पहिल्याने समोरच्याचा गैरसमज दूर होतो आणि दुसऱ्याने आपल्या मागणीचा पाया ढळत नाही.

 जय महाराष्ट्र.